३५ मिनिटांचं इंग्रजी

मराठी माध्यमाच्या शाळेच्या पालकसभेत इंग्रजीचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते. "पहिलीपासून इंग्रजी आहे, पोरगा नववीत गेला, पण कुणाशी चार वाक्यं बोलायची म्हटली की घाम फुटतो." शाळेचं उत्तरही ठरलेलं असतं, तास कमी पडतात.

हे उत्तर एकदा हिशेब मांडून तपासू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीची २२० दिवस भरली पाहिजे. रोज ३५ मिनिटांचा इंग्रजीचा एक तास धरला, तर २०० दिवसांत घड्याळाचे ११६ तास होतात. दहा वर्षांत ११०० च्या वर. आता सहामाही, वार्षिक, गॅदरिंग, सहल, शिक्षकांची निवडणुकीची ड्युटी, मुसळधार पावसाच्या सुट्ट्या हे सगळं वजा करा. अगदी निम्मे तास बुडाले असं धरा. तरी साडेपाचशेच्या पुढे उरतात.

भाषा कितपत आली हे मोजायला जी युरोपीय पट्टी सगळीकडे वापरतात, तिच्यात ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजाने बी-१ गाठायला शिक्षकासोबतचे ३५० ते ४०० तास लागतात आणि बी-२ साठी ५०० ते ६००. बी-१ म्हणजे प्रवासात, दुकानात, कामाच्या जागी अडत नाही. बी-२ म्हणजे अनोळखी माणसाशी फारसं न अडखळता बोलता येतं, त्याचं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगताही येतं. हे अंदाज आपल्या आठवी 'ब'ला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण ते बहुतेक स्वतःहून शिकायला आलेल्यांच्या लहान वर्गांवरून बांधलेले आहेत. तरी एवढं दिसतं की कागदावर तास पुरेसे आहेत. ते कशाने भरले जातात, हे पाहायला हवं.

आम्हा इंग्रजी शिकवणाऱ्यांना हा हिशेब फारसा आवडत नाही, पण पुढचा तर त्याहून कडू आहे. कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. पण तुकडीत ५० मुलं असणं पुण्यात नवलाचं नाही. तासाचा दोन तृतीयांश वेळ बाई बोलल्या असं धरा, आणि हे मी हात राखूनच धरतोय. मुलांच्या वाट्याला १२ मिनिटं येतात. ती ५० जणांत वाटली की प्रत्येकाला १४ सेकंद मिळतात. त्यातले काही 'प्रेझेंट टीचर' म्हणण्यात जातात. उरलेले गाईडमधलं उत्तर वाचून दाखवण्यात.

डोळ्यांना भरपूर, कानाला नाही

भाषाशिक्षणात 'दुसरी भाषा' आणि 'परकी भाषा' असा फरक करतात. वर्गाबाहेर पडल्यावर ती भाषा वापरायची वेळ येत असेल तर दुसरी, येत नसेल तर परकी. फरक पुस्तकी वाटेल, पण शिकवायची सगळी रीत त्यावर ठरते. मराठी मुलगी लंडनला गेली की तिला दूध आणायला, बसमध्ये जागा मागायला, मैदानावर भांडायला इंग्रजी लागतं. तिथल्या बाईंनी वर्गात काही शिकवलं नाही तरी रस्ता शिकवतो. परक्या भाषेच्या वर्गामागे असा रस्ता नसतो.

पुण्याची गंमत अशी की एकाच शहरात दोन्ही परिस्थिती नांदतात. बाणेरच्या सोसायटीत लिफ्टमध्ये, खेळायच्या जागी, वाढदिवसाच्या पार्टीत वेगवेगळ्या राज्यांतली मुलं एकत्र येतात. त्यांची सामाईक भाषा इंग्रजी किंवा हिंदी असते. जनता वसाहतीतल्या किंवा भोसरीतल्या मुलाला मात्र इंग्रजी दिसतं खूप, दुकानांच्या पाट्यांवर, मोबाईलच्या स्क्रीनवर, टी-शर्टवर. त्याच्याशी त्या भाषेत बोलत कुणीच नाही. अक्षरं ओळखीची आहेत, शब्दही शेकड्यांनी ठाऊक आहेत, पण त्या शब्दांनी कधी कुणाकडून काही मिळवलेलं नाही. शाळेतली ३५ मिनिटं हीच त्याची सगळी इंग्रजी दुनिया. म्हणून बाणेरच्या मुलाला चालून जाणारी ढिलाई या मुलाच्या वर्गात चालत नाही.

उत्तर माहीत असलेले प्रश्न

बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड यांनी १९७५ मध्ये शाळांतल्या संभाषणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वर्गातल्या बोलण्याचा एक साचा सापडला. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक शेरा मारतो. आपल्याकडे तो असा ऐकू येतो.

"व्हॉट इज धिस?"
"धिस इज अ पेन."
"व्हेरी गुड. सिट डाउन."

तो पेन आहे हे बाईंना माहीत आहे, मुलाला माहीत आहे, मागच्या बाकावर झोपलेल्यालाही माहीत आहे. मंडईत कुणी वांगं हातात धरून "हे काय आहे?" असं विचारत नाही. विचारलंच तर भाजीवाली मावशी काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. परीक्षा घेण्यासाठी विचारलेल्या अशा प्रश्नाला मूल एक शब्द टाकून मोकळं होतं, कारण त्याच्याकडून कुणाला काही कळून घ्यायचंच नसतं.

याउलट बाईंनी "हू मेड युवर टिफिन टुडे?" असं विचारलं, तर उत्तर फक्त त्या मुलाकडे आहे. तो म्हणेल, "माय आजी." बाई म्हणतील, "युवर ग्रँडमदर! व्हॉट डिड शी मेक?" इथे दोन वळणांत 'ग्रँडमदर' हा शब्द गरज असताना कानावर पडला. व्याकरण तेच, शब्द तितकेच सोपे. पण दुसऱ्या प्रश्नामागे ऐकण्याची इच्छा आहे, आणि मुलांना हा फरक फार लवकर कळतो.

याच्याच जोडीचा दुसरा शोध फुकटात वापरता येण्यासारखा आहे. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक विज्ञानाच्या वर्गांत शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजत होत्या. सरासरी एक सेकंदाच्या आसपास. शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. ती मुलं स्वतःच्या भाषेत उत्तर देत होती. आपल्या वर्गातल्या मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा, मग मराठीत उत्तर सुचायचं, मग इंग्रजी शब्द शोधायचे, मग ते नव्या क्रमाने लावायचे. एवढ्याला एक सेकंद देणं म्हणजे उत्तर नकोच आहे असं सांगणं. वर्गात पाच सेकंद शांतता ठेवणं मात्र फार अवघड जातं. शिक्षकाला वाटतं तास हातातून सुटला.

मराठी वर्गात असावी का?

यावर दोन टोकं आहेत. एका टोकाला धड्याची ओळन् ओळ मराठीत सांगणारे वर्ग. बाई एक वाक्य वाचतात, अर्थ सांगतात, पुढचं वाक्य वाचतात. महिन्याभरात मुलं इंग्रजी वाक्याकडे लक्ष देणं सोडतात, कारण अर्थ पुढच्या क्षणी आयता मिळणार आहे. दुसऱ्या टोकाला 'इंग्लिश ओन्ली'च्या पाट्या आणि मराठी बोललं की दंड. तिथे मुलं इंग्रजी बोलू लागत नाहीत, बोलणंच कमी करतात.

भाषांतराची पद्धत आपल्याकडे आली कुठून, हेही पाहायला हवं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीला नावं ठेवायची आज फॅशन आहे, मला ती पटत नाही. त्या पिढ्यांना कायदा वाचायचा होता, सरकारी कागद लिहायचे होते, वर्तमानपत्र समजून घ्यायचं होतं. त्यासाठी वाक्य उलगडून पुन्हा जुळवण्याची कसरत उत्तम होती. आज गरज बदलली. हिंजवडीत फोनवर बोलायचं आहे, मुलाखत द्यायची आहे. गरज बोलण्याची झाली, तास मात्र कागद उलगडण्याचाच राहिला.

मराठीचा वर्गात नेमका उपयोग कुठे? एखादी सूचना इंग्रजीत समजावून निम्मा तास घालवण्यापेक्षा ती २० सेकंदांत मराठीत सांगावी आणि वाचलेला वेळ इंग्रजीत काम करण्याला द्यावा. 'ऑनेस्टी'चा अर्थ हातवारे करून दाखवत बसण्यात हशील नाही, 'प्रामाणिकपणा' म्हणावं आणि पुढे जावं. वाचण्याआधी विषयावर मराठीत दोन मिनिटं गप्पा झाल्या की धडा निम्मा सोपा होतो. एवढं झाल्यावर मात्र धड्याचं काम इंग्रजीतच व्हायला हवं.

यामागे जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाचा विचार आहे. दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या खणांत राहत नाहीत. मराठीत गोष्टीचा मुद्दा पकडायला, कारण आणि परिणाम वेगळे करायला शिकलेलं मूल ती क्षमता इंग्रजीत सोबत घेऊन येतं, त्याला फक्त नवे शब्द लागतात. ज्याचं मराठी वाचनच कच्चं राहिलं त्याला दोन्हीकडे चढ चढावा लागतो. कमिन्सने आणखी एक गोष्ट दाखवली. कॅनडात आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमत होतं, पण शाळेच्या अभ्यासाची भाषा पेलायला पाच ते सात वर्षं लागत होती. आणि या मुलांभोवती दिवसभर इंग्रजी होतं! पहिलीतल्या मुलाने 'मे आय कम इन' म्हटलं म्हणून त्याला विज्ञानातलं बाष्पीभवन इंग्रजीतून समजेल असं मानणाऱ्या पालकांनी, आणि सेमी इंग्रजीचा वर्ग चौकशी न करता निवडणाऱ्यांनी, हा आकडा लक्षात ठेवावा.

'ही गो टू स्कूल'

१९६७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी एक साधी गोष्ट मांडली. शिकणाऱ्याच्या चुका कचरा नसतात, त्याच्या डोक्यात या क्षणी कुठला नियम चालू आहे ते त्या दाखवतात. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी पुढे जाऊन म्हटलं की शिकणारा मधल्या काळात स्वतःचीच एक भाषा बोलत असतो. ती मातृभाषाही नसते आणि शिकायची भाषाही नसते, पण तिला नियम असतात.

आपल्या मुलांच्या चुका या नजरेने पाहिल्या की चित्र बदलतं. 'आय मँगो ईट' म्हणणारा मुलगा मराठीचा क्रम पाळतोय, क्रियापद शेवटी. 'यू आर कमिंग?' विचारणारी मुलगी मराठीसारखाच फक्त सूर चढवून प्रश्न करते, शब्द पुढे-मागे करावे लागतात हे तिच्या नियमांत अजून आलेलं नाही. 'टू मी फीवर केम' या वाक्याला आपण हसतो. पण 'मला ताप आला' यात ताप येतो आणि मी तो झेलतो, इंग्रजीत मात्र माझ्याकडे ताप 'असतो'. जग मांडायची पद्धतच वेगळी आहे. आर्टिकलचं तर विचारू नका. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे 'अ' आणि 'द' कुठे घालायचं हे पदवीनंतरही अनेकांना चाचपडावं लागतं.

पण सगळ्या चुका मराठीमुळे होत नाहीत, आणि इथे प्रकरण रंगतदार होतं. 'ही गोज'मधला तो शेवटचा 'ज' घ्या. 'तो जातो, ती जाते, ते जातात' असं प्रत्येक कर्त्यागणिक क्रियापद बदलणारं मराठी मूल इंग्रजीच्या या एका शेपटीवर वर्षानुवर्षं अडतं. स्पॅनिश किंवा चिनी घरातून आलेली मुलंही अडतात. हेडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ मध्ये या दोन भाषांच्या मुलांची तुलना केली तेव्हा इंग्रजीतल्या छोट्या व्याकरणिक खुणा पक्क्या होण्याचा क्रम दोन्ही गटांत जवळजवळ सारखा निघाला. 'गोइंग'मधला 'इंग' लवकर येतो, 'गोज'मधला 'ज' फार उशिरा. पुस्तकात मात्र साधा वर्तमानकाळ अगदी सुरुवातीला असतो. मुलांना नियम पाठ असतो, परीक्षेत गाळलेल्या जागाही बरोबर भरतात, आणि बाहेर येऊन 'माय फादर वर्क इन कंपनी' म्हणतात. बाई वैतागतात. बाईंनी शिकवण्यात कुचराई केलेली नाही आणि मूलही मठ्ठ नाही. शिकवल्याचा दिवस आणि शिकल्याचा दिवस वेगळे असतात, एवढंच.

मग चूक दुरुस्त करायचीच नाही का? करायची, पण कशी ते महत्त्वाचं. रॉय लिस्टर आणि लायला रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांचा अभ्यास मांडला. शिक्षक अर्ध्याहून जास्त वेळा मुलाचं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणत होते. मूल म्हणालं 'ही गो', की शिक्षक 'येस, ही गोज' म्हणून पुढे जाणार. याला मुलांकडून प्रतिसाद साधारण तीनात एकदाच मिळत होता. बाकी वेळा मुलाला वाटायचं, बाईंनी माझंच म्हणणं मान्य केलं. त्याऐवजी शिक्षकांनी अर्ध्यावर थांबून उरलेलं मुलाकडून काढून घेतलं, म्हणजे 'ही...?' म्हणून भुवई उंचावली, की मुलं स्वतः काहीतरी करून पाहत. आपल्या वर्गात यात दोन सेकंद जास्त जातात.

उच्चारांचं थोडक्यात सांगतो. 'शिप' आणि 'शीप' आपण लिहितो वेगळं, पण मराठी बोलताना इकाराच्या ऱ्हस्व-दीर्घाने सहसा अर्थ पालटत नाही. 'दिन' आणि 'दीन' आपण सारखेच म्हणतो. म्हणून हा फरक जिभेच्या आधी कानाला शिकवावा लागतो. त्याहून मोठी अडचण आघाताची. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. मराठीत असा जोर अर्थाला फारसा लागत नाही, त्यामुळे आपण प्रत्येक अवयव सारख्याच वजनाने म्हणतो आणि परदेशी ऐकणारा गोंधळतो. इंग्रजी ओळीवर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहून घेणारी मुलं हेच सपाट वजन पक्कं करत असतात. पुण्याच्या मुलाने लंडनच्या माणसासारखं बोलावं असा माझा मुळीच आग्रह नाही. समजलं म्हणजे झालं.

बंगळूरचा प्रयोग आणि पुण्याची मेट्रो

मोठ्या वर्गात, साध्या शाळेत, परदेशी साहित्याशिवाय काही वेगळं करता येतं का, याचं उत्तर आपल्या देशातच शोधलं गेलं आहे. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही सामान्य शाळांत एक प्रयोग केला. तो 'बंगलोर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो आणि भाषाशिक्षणाच्या जगात आजही त्याचा दाखला देतात. व्याकरणाचा ठरवलेला क्रम त्यांनी बाजूला ठेवला. रोजच्या तासाला एक डोकं लढवायचं काम दिलं. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, किंमतींचा तक्ता. मुलांचं लक्ष उत्तर काढण्यात, इंग्रजी फक्त वाट.

त्यांच्या रचनेतली एक गोष्ट अनेकजण विसरतात. प्रभू गटकार्याचे फारसे चाहते नव्हते. मुलं एकमेकांच्या चुका पक्क्या करतील अशी त्यांना भीती होती. त्यांचा तास दोन भागांत चाले. आधी फळ्यावर सगळ्या वर्गासमोर शिक्षक एक कोडं मुलांना विचारत विचारत सोडवत. मग तसंच दुसरं कोडं प्रत्येकाने एकट्याने सोडवायचं. ५० मुलांच्या तुकडीत बाकं हलवण्याचा गोंधळ न करता हे जमतं. प्रयोगाच्या नंतर झालेल्या मूल्यमापनातून त्याला जपून बेतलेला पाठिंबा मिळाला, जादू सिद्ध झाली नाही. मला तेच विश्वासार्ह वाटतं.

पुण्यातल्या सहावीच्या वर्गासाठी हे असं करता येईल. फळ्यावर मेट्रोच्या दोन रेषा काढा, वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट. दोन्ही जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर एकमेकींना छेदतात. "मीना लिव्ह्ज निअर वनाज. हर आँट लिव्ह्ज निअर स्वारगेट. वेअर डझ मीना चेंज ट्रेन्स?" मग अवघड करा. प्रत्येक स्थानकाला दोन मिनिटं आणि गाडी बदलायला पाच मिनिटं लागतात असं मानू. मीनाला दहाला पोचायचं आहे, ती किती वाजता निघेल? उत्तर बरोबर की चूक हे मुलांना स्वतः तपासता येतं. आणि या सगळ्यात 'डझ', 'लिव्ह्ज', 'चेंजेस' किती वेळा कानावरून गेले ते मोजा. साध्या वर्तमानकाळाच्या दहा गाळलेल्या जागांपेक्षा जास्तच.

ऐकणं आणि वाचणं पुरेसं आहे, बोलणं त्यातून आपोआप येईल, असा एक प्रभावी विचार स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या सुमारास मांडला. आपल्याला जेवढं कळतं त्याच्या किंचित वरचं, पण अर्थ लागेल असं भरपूर कानावर आणि डोळ्यांवर पडत राहिलं पाहिजे, हा त्याचा गाभा. असं भरपूर कानावर पडायला हवं, हे आज सगळे मानतात. तेवढ्याने बोलणं आपोआप येतं, याला मात्र मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हरकत घेतली. कॅनडात इंग्रजी घरातली मुलं वर्षानुवर्षं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती. ऐकून समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळ पोचली, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण कच्चंच राहिलं. कारण त्यांना नेमकं, पूर्ण वाक्य करून सांगायची वेळच फारशी येत नव्हती. मुलाला इंग्रजी माध्यमात घातलं की काम झालं असं समजणाऱ्यांसाठी हा मासला मुद्दाम सांगितला.

लवकर म्हणजे किती लवकर

महाराष्ट्रात सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी माध्यमात ते पाचवीपासून असायचं. लहान वयात भाषा लवकर येते, हा त्यामागचा विचार. लंडनच्या रस्त्यावर तो खरा आहे. पण परक्या भाषेच्या वर्गात काय होतं हे बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. तिथे इंग्रजी सुरू करण्याचं वय सरकारने बदललं होतं, त्यामुळे आठव्या आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं तुलनेला मिळाली. सारखेच तास झाल्यावर अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं पुढे होती. मोठं मूल नियम लवकर पकडतं, त्याचं स्वतःच्या भाषेतलं वाचन पक्कं असतं.

म्हणून पहिलीतलं इंग्रजी बंद करा असं मी म्हणणार नाही. तिथे गाणी, खेळ, 'स्टँड अप, टर्न अराउंड' अशा सूचना, चित्रांच्या गोष्टी असाव्यात. सहा वर्षांच्या मुलाकडून स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून घेण्यात मात्र कुणाचंच भलं नाही, कागदवाल्याचं सोडून.

गमतीची बाब म्हणजे राज्यातल्या मुलांनी काय शिकायचं हे ठरवणाऱ्या तीन मोठ्या संस्था पुण्यातच आहेत. पाठ्यपुस्तकं करणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, शिक्षकांना प्रशिक्षण देणारी एससीईआरटी कुमठेकर रस्त्यावर, आणि दहावी-बारावीचं बोर्ड शिवाजीनगरला. गेल्या काही वर्षांतल्या इंग्रजीच्या पुस्तकांत बोलण्याचे खेळ, जोडीने करायची कामं खरंच आली आहेत. पण दहावीला इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तोंडी व अंतर्गत मिळून २०. शिक्षकाला दोष देण्याआधी हे बघावं. जे मोजलं जातं तेच शिकवलं जाणार, आणि तोंडीचे गुण कसे दिले जातात हे शाळेतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

घरी काय करता येईल

शब्दांपासून सुरुवात करा. बंगालमध्ये अनेक वर्षं शिकवलेल्या मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तेवढ्यांवर साध्या बोलण्याचा बराच मोठा भाग निभतो. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांचा २००६ चा हिशेब सांगतो की कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं असे गट, लागतात. हे अंतर शब्दार्थ पाठ करून तुटत नाही. एकच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि एक पाठ्यपुस्तक त्यासाठी फार तोकडं आहे. सलग मोठ्याने वाचलं तर ते एखाद्या सुट्टीच्या दिवशी संपेल. मुलाला त्याच्या इयत्तेपेक्षा सोपी पुस्तकं लागतात, भरपूर लागतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पायऱ्यांनुसार लावलेल्या चित्रगोष्टी इंग्रजीत आणि मराठीत फुकट आहेत. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात थोड्या पैशात आठवड्याची बेगमी होते. पानावर पाचाहून जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक सध्या ठेवून द्या.

आणि "मला इंग्रजी येत नाही, मी काय मदत करणार?" असं म्हणणाऱ्या आईने रात्री मुलाला एवढंच सांगावं, आज जी गोष्ट वाचलीस ती मला मराठीत सांग. मध्येच विचारावं, "मग तो कोल्हा तिथे गेलाच कशाला?" मूल अडेल, परत पुस्तक उघडेल, ते वाक्य पुन्हा वाचेल, या वेळी कशाचा तरी शोध घेत वाचेल. इंग्रजी येणारी आई अशा वेळी उत्तर सांगून टाकते.